दुखणाइताचं सोंग

त्या मफ्तुहाच्या वागण्याला काय म्हणावं, तेच न्याई मुतमैन्नांना कळेना. तेरा वर्षांची पोर. अजून डोक्याची ओढणी धड बांधता येत नाही, भांडी घासायला पाठवली तर निम्मी राख स्वतःला फासून परत येते. आणि भर तालमीत, सगळ्या पोरींच्या देखत म्हणते, "मी नाही कण्हणार." सत्त्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात न्याईंना 'नाही' म्हणणारी माणसं दोनच भेटली होती. एक त्यांचे नवरे, इथले धर्मगुरू थोरले कियाई, तेही लग्नाच्या पहिल्या वर्षी; पुन्हा म्हणायची त्यांची छाती झाली नाही. दुसरा दातांचा डॉक्टर. त्यालाही न्याईंनी सुनावून ठेवलं होतं, दात माझे, पान माझं, तू कोण मध्ये?

"इकडे ये," न्याई वेताच्या खुर्चीतून म्हणाल्या.

मफ्तुहा वाकून, जवळजवळ गुडघ्यांवर चालत आली. न्याई म्हणजे गुरुपत्नी; त्यांच्यापुढे सगळ्या पोरी अशाच येत.

"घसा बसलाय?"

"नाही, न्याई."

"जीभ झडलीय?"

"नाही, न्याई."

"मग काय, राजकन्या आहेस? कण्हलीस तर तोंडातून मोती सांडतील?"

पोरी खिदळल्या. डफ घेऊन बसलेल्या चौघींनी उगाच एकेक थाप मारून घेतली. मफ्तुहा मात्र हसली नाही.

"बाकी सगळं करते, न्याई. पोट धरते, लोळते, पांघरूण घेते. तेवढं एक कण्हायला नका लावू. ते सोंग वाटत नाही मला. कुणाचं तरी खरं वाटतं. माझे वडील शेवटी शेवटी असेच कण्हायचे. चार महिने मी उशाशी होते."

न्याईंच्या हातातला अडकित्ता सुपारीवर अर्ध्यात थांबला.

"उम्मी, तुम्ही नका त्रास करून घेऊ," अझकिया पुढे झाली. अझकिया म्हणजे न्याईंची सून. सुरबायाच्या कॉलेजात शिकलेली, हातात सदानकदा कागद. "इस्तियाना, तू दाखव पुन्हा तिला. ऐकून ऐकून येईल."

इस्तियाना ही गेल्या वर्षीची दुखणाईत. ती चटईवर आडवी झाली, गुडघे पोटाशी घेतले, उजव्या कुशीत हात खुपसला आणि कण्हली. एक बारीक सूर वर चढत गेला, मध्येच तुटला, परत चढला, परत तुटला. मग अगदी लहान आवाजात, "आई, हळू… हळू गं…"

पोरी हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या.

"पुरे!" न्याई एवढ्या जोरात ओरडल्या की डफवाल्या पोरींनी दचकून डफ छातीशी धरले. "पुरे आज. जा, नमाजाची वेळ झाली."

नमाजाला अजून अर्धा तास होता. पण हे न्याईंना सांगणार कोण?

*

हा सात सोंगांचा खेळ न्याईंनी स्वतःच्या डोक्यातून काढला होता. शाळा तिसरीपर्यंत. कुराण पाठ, अरबी अक्षर वाचता येई, पण सरकारी कागद आला की अंगठा शोधायच्या. त्यांचे वडील हे पेसान्त्रेन, म्हणजे राहून शिकायचा मदरसा, चालवायचे तेव्हा छडीने चालवायचे. न्याईंच्या हातात पोरींचा विभाग आला आणि त्यांनी छडी चुलीत घातली. छडीनं कातडं सुधारतं, म्हणायच्या, स्वभाव सुधारतो हसण्यानं. म्हणून दर वर्षी थोरल्या कियाईंच्या पुण्यतिथीला पोरींचा खेळ. आळशी, चहाडखोर, हावरी, गर्विष्ठ, खोटारडी, उधळी आणि दुखणाईत, म्हणजे कामाचा दिवस आला की जिचं पोट दुखतं ती. नियम एकच. जिचा दोष, तिचं सोंग. चहाडी करणारीनं चहाडखोर व्हायचं, चारशे बायांनी तिला हसायचं, आणि ते हसू तिनं जन्मभर लक्षात ठेवायचं. मफ्तुहानं दोनदा डोकं दुखण्याचं निमित्त करून पहाटेची नमाज बुडवली होती. म्हणून यंदा दुखणाईत ती.

खेळ कुठे लिहिलेला नव्हता. न्याईंना लिहिता कुठे येत होतं? मागच्या वर्षीच्या पोरीनं पुढच्या वर्षीच्या पोरीला शिकवायचं, तोंडानं तोंडाला, अंगानं अंगाला. एक खाकरणं इकडचं तिकडे व्हायचं नाही. अझकिया आल्यापासून त्यावर कागद झाले, विद्यापीठातून माणसं आली, 'कलेतून चारित्र्य' असं काहीतरी म्हणाली. न्याईंनी त्यांना चहा दिला आणि मनात म्हटलं, तिसरी नापास बाईकडे शिकायला आलात, बरं केलंत.

पण एक गोष्ट न्याईंशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. ते कण्हणं त्यांनी बसवलेलं नव्हतं.

एकतीस वर्षांपूर्वी मिठागराकडच्या गावातली होस्निया नावाची पोर इथे होती. बारीक अंगाची, डोळ्यांत सदा खोडी. दोनदा खोटं दुखणं काढून घरी पळाली होती, तेव्हा दुखणाईत तिच्याशिवाय कोण होणार? पुण्यतिथीला दोन दिवस उरले आणि ती न्याईंकडे आली. "न्याई, पोटात दुखतंय. या कुशीत."

"वा! तालीम छान चाललीय," न्याई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी परत आली. "न्याई, खरंच."

"सगळ्याच खरंच म्हणतात. खेळ होऊ दे, मग बघू."

तिसऱ्या दिवशी ती बोलली नाही. मांडवात गेली, चटईवर पडली आणि कण्हली. तोवर दुखणाईत नुसती 'हाय हाय' करायची. हे कण्हणं कुणी ऐकलंच नव्हतं. बाया हसून लोटपोट झाल्या. मूठभर पोहे घशात गेल्यासारख्या न्याई खोकून खोकून हसल्या, डोळ्यांतून पाणी काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर, मिठाच्या ट्रकमधून शहरातल्या दवाखान्यात नेताना, वाटेतच पोर गेली. आतडं फुटलं होतं म्हणे.

आई आली. न्याईंनी सांगितलं, "अचानक ताप चढला. अल्लाची मर्जी." आईनं रडत रडत न्याईंच्या हाताचं चुंबन घेतलं. "इल्म शिकता शिकता गेली, न्याई. तुमच्या पायाशी गेली, तिचं सोनं झालं." न्याईंनी तो हात मागे घेतला नाही.

पुढच्या वर्षी दुखणाइताचं सोंग काढून टाकायचं त्यांच्या मनात आलं होतं. पण होस्नियाच्या शेजारी निजणाऱ्या पोरीनं ते कण्हणं जसंच्या तसं उचललं होतं. गंमत म्हणून पोरी विहिरीवर कण्हायच्या. बाया येता जाता विचारायच्या, यंदा ते आहे ना? नाही म्हटलं तर 'का' आलं असतं. म्हणून ते राहिलं. एकीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे, तीस पोरींच्या गळ्यांतून होस्निया कण्हत राहिली आणि लोक हसत राहिले.

न्याईंना मात्र ते वर्षातून एकदाच ऐकू येई असं नव्हतं. विहिरीचा रहाट वर येताना मध्येच अडकायचा, तिथे ते होतं. तंबाखू वाळवायच्या बांबूंतून पूर्वेचा वारा शिरायचा, तिथे होतं. नमाज संपवून त्या सलाम करायला मान उजवीकडे वळवायच्या, तेव्हा उजव्या खांद्यामागून कुणीतरी हळूच म्हणायचं, 'हळू गं.' म्हणून अलीकडे त्या मान पुरती वळवतच नसत. पोरींना वाटे, न्याईंची मान धरलीय.

दर गुरुवारी त्याच पोरींना त्या शिकवायच्या, अल्लाचा अपराध अल्ला माफ करतो, पण माणसाचा केलेला अपराध त्या माणसानंच माफ करावा लागतो. ते माणूस नसेल तर त्याच्या आईबापांनी. तिथे अल्लासुद्धा मध्ये पडत नाही. शिकवताना आवाज खणखणीत असायचा. मग रिकाम्या वर्गात त्या बसून राहायच्या. डोळ्यांपुढे यायचं, आपली मय्यत अंगणात ठेवलीय, मुलगा हात जोडून लोकांना विचारतोय, माझ्या आईनं कुणाला दुखावलं असेल तर माफ करा. सगळे म्हणतायत, माफ, माफ. आणि मागून कुणीतरी कण्हतंय.

*

दर वर्षी पुण्यतिथीला मिठागराकडून सुक्या मासळीची टोपली यायची. होस्नियाच्या आईकडून. त्या भागात बाईला पहिल्या लेकराच्या नावानं हाक मारतात. लेकरू जाऊन एकतीस वर्षं झाली तरी ती होस्नियाचीच आई होती. ती मासळी न्याईंनी कधी तोंडात घातली नाही. पोरींना वाटून टाकायच्या.

यंदा टोपलीच्या आधी निरोप आला. अझकिया आनंदानं धावत आली. "उम्मी, होस्नियाची आई स्वतः येणार आहे! पहिल्यांदाच. बिचारीचे डोळे गेलेत दोन्ही. म्हणाली, दिसत नाही, तर निदान पोरींचा खेळ ऐकून जाते, माझी पण त्यात होती. मी तिला अगदी पुढे बसवते."

"पुढे कशाला? भोंग्याच्या कर्कश आवाजानं कान फुटतील तिचे."

"आंधळ्या माणसाला पुढेच बसवावं, उम्मी."

"तू शिकलेली. तुला जास्त कळतं," न्याई म्हणाल्या आणि पान तोंडात घातलं. चुना जास्त झाला होता. जीभ पोळली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मफ्तुहाला बोलावून घेतलं. अझकिया जवळच होती.

"तू म्हणतेस तर नको कण्हूस," न्याई म्हणाल्या. "पोट धर, लोळ, पांघरूण घे आणि गप पडून राहा. वैद्यीण येईल, कडू काढा दाखवेल, तू टुणकन उठून पळ. झालं."

अझकियाच्या हातातले कागद खाली पडायचे राहिले. "उम्मी! अहो, सगळ्यात मोठं हसू तिथेच येतं. विद्यापीठाची माणसं…"

"विद्यापीठाच्या माणसांना पोटदुखी हवी असेल तर त्यांना कच्चा फणस घाल."

मफ्तुहा जागची हलली नाही. "न्याई, ते कुणाचं होतं?"

"भांडी घासलीस?"

"घासली."

"परत घास."

पोर गेली. न्याईंना वाटलं, सुटले. त्या पोरीच्या हट्टानं आपलं झाकलं गेलं. आंधळी बाई येईल, मुका खेळ ऐकेल, हाताचं चुंबन घेईल, जाईल. पुढच्या वर्षी कोण कुणाला विचारतं? त्या दिवशी मावळतीच्या नमाजाला त्यांनी मोठ्या हिमतीनं मान पूर्ण उजवीकडे वळवली.

खांद्यामागे काहीच नव्हतं. पण ती शांतता एखाद्यानं श्वास रोखून धरावा तशी होती. त्यापेक्षा कण्हणं बरं, असं न्याईंना वाटून गेलं.

*

पुण्यतिथीच्या सकाळी कुराणपठण झालं, दुवा झाली. पुरुष मशिदीच्या अंगाला, बाया या अंगणात. मागे चुलींवर मटणाचा रस्सा रटरटत होता. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. जुन्या विद्यार्थिनी पोरंबाळं घेऊन आल्या होत्या, कुणी आज्या झालेल्या.

होस्नियाची आई पहिल्या रांगेत, न्याईंच्या खुर्चीशेजारी. वाळकं अंग, तिकडच्या बाया नेसतात तशी स्वच्छ धुतलेली लुंगी, मांडीवर टोपली. न्याईंचा हात चाचपून तिनं चुंबन घेतलं. "अजून तसाच मऊ आहे हो हात."

"काम कुठे करते मी? नुसती ओरडते," न्याई म्हणाल्या. बाई हसली.

खेळ रंगला. आळशी झाली, चहाडखोर झाली. हावरीनं तर खरंच चार केळी खाल्ली. मग डफ थांबले आणि मफ्तुहा चटईवर आली. सगळा मांडव सरसावून बसला. पोरीनं पोट धरलं, लोळली, गुडघे जवळ घेतले, पांघरूण ओढलं. आणि गप्प.

बाया वाट बघत होत्या. मागे कुणीतरी खोकलं. एक पोरगं 'भूक' म्हणालं, त्याला दटावलं.

"विसरली वाटतं कार्टी," मागच्या रांगेतली कुणी म्हणाली. आणि पोरीला आठवण करून द्यावी म्हणून तिनंच ते बारीक कण्हलं. वर चढवलं, तोडलं. शेजारणीला हसू आलं, तिनं पुढचं उचललं. मग इस्तियाना कण्हली. मग तिच्या आधीची, तिच्या आधीची. वीस वर्षांपूर्वीची दुखणाईत कडेवर लेकरू घेऊन कण्हली. पाठ तर सगळ्यांनाच होतं. बघता बघता अख्खा मांडव कण्हायला लागला. चारशे गळे, एकच सूर, तो एकदमच वर चढत होता आणि एकदमच तुटत होता. भोंग्यानं ते उचललं आणि तंबाखूच्या वावरांवर फेकलं. "आई, हळू… हळू गं…"

आणि हशा. मांडवाचे बांबू हलतील असा हशा.

त्या हशात होस्नियाची आई उभी राहिली. टोपली घरंगळली, मासळी चटईवर पसरली. आंधळे डोळे ती इकडेतिकडे फिरवू लागली, कुठल्या बाजूला बघावं तेच तिला कळेना.

"होस्निया?" ती म्हणाली. "कुठेयस गं?"

पुढच्या रांगेतलं हसू आधी थांबलं, मग मागचं. चटईवर मफ्तुहा उठून बसली. तिनं आंधळ्या बाईकडे पाहिलं आणि मग न्याईंकडे पाहिलं. पोरीला सगळं कळलंय हे न्याईंना दिसलं.

आताही सोपं होतं. 'उन्हानं भोवळ आली बाईला, पाणी आणा' एवढं म्हटलं की झालं असतं. अझकिया पाणी घेऊन निघालीच होती. न्याईंनी तिच्या दुसऱ्या हातातला माईक काढून घेतला.

"उम्मी, तो चालू आहे."

"चालूच राहू दे. बस खाली, होस्नियाच्या आई. माझं ऐक. ताप नव्हता आला तिला."

मांडवात पोरं रडायची थांबली.

"तीन दिवस पोट दुखत होतं. दोनदा माझ्याकडे आली. मी म्हटलं, तालीम छान चाललीय. तिसऱ्या दिवशी इथे, या चटईवर कण्हली ती खरी कण्हली. सगळे हसले. सगळ्यात जास्त मी हसले. आता ऐकलंस ते तिचंच आहे. पोरींनी एकमेकींपासून शिकून शिकून एकतीस वर्षं ठेवलंय. त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं."

मशिदीच्या अंगाला न्याईंचा मुलगा उभा राहिलेला दिसला. उभाच राहिला.

होस्नियाची आई खाली बसली. तिची बोटं चटईवरची मासळी एकेक उचलून टोपलीत टाकत होती.

"लहानपणी पोट दुखायचं तिचं," शेवटी ती म्हणाली, कुणाशी असं नाही. "मी कोमट तेल लावायचे. माझे हात मिठानं खरबरीत. म्हणायची, आई, हळू."

एकतीस वर्षं न्याईंना त्या 'हळू'चा अर्थ माहीत नव्हता.

"परत ऐकवा एकदा," बाई म्हणाली. "पण हसू नका."

न्याईंनी मफ्तुहाकडे पाहिलं. पोर आपणहून आडवी झाली. जे करणार नाही म्हणाली होती ते तिनं केलं. एकटीनं, बारीक, घाई न करता. सूर चढला, तुटला, चढला, तुटला. "आई, हळू… हळू गं…"

"हो गं, बाळा," होस्नियाची आई म्हणाली. "हळूच लावतेय."

कुणी हसलं नाही. मागे चुलीवर रस्सा उतू गेला, तो सारखा करायलाही कुणी उठलं नाही.

न्याईंनी हात पुढे केला. "माफी मागते," त्या म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडी असा आला, जशी दुसऱ्याची चप्पल पायात यावी. बाईनं तो हात चाचपून धरला. चुंबन नाही घेतलं. दोन्ही हातांत थोडा वेळ धरला, आणि कुणाची वस्तू कुणाला परत द्यावी तसा न्याईंच्या मांडीवर ठेवून दिला. माफ म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. टोपली उचलली, आणि शेजारणीचा खांदा धरून हळूहळू मांडवाबाहेर गेली. या वर्षी मासळी ठेवली नाही.

ती दिसेनाशी होईपर्यंत न्याई बघत होत्या. मग त्यांनी ओढणीच्या टोकानं नाक पुसलं आणि खुर्चीत ताठ बसल्या.

"मफ्तुहा. इकडे ये. गुडघ्यांवर नको, नीट चालत ये."

पोर आली.

"भर तालमीत तू मला नाही म्हणालीस. त्याबद्दल महिनाभर मोठी भांडी तुझ्याकडे, आणि राख भांड्याला लावायची असते, तोंडाला नाही. आता दुसरं ऐक, आणि सगळ्यांनी ऐका. जिचा दोष तिचं सोंग, हा नियम माझा. दुखणाईत तू नव्हतीस, आणि होस्नियाही नव्हती. दोष होता एका बहिऱ्या बाईचा, आणि तिचं सोंग आपल्या खेळात कुणी घातलंच नाही. पुढच्या वर्षी आहे. जगले तर मी करीन, मेले तर तू करशील. उद्यापासून दुपारच्या नमाजानंतर येऊन माझ्याकडून शिकून घे. आणि त्या दिवशी एक जरी बाई हसली ना, तर समज, तुला माझं सोंग जमलं नाही."